तेवीस नंबरचा माणूस

सेलू,
रविवार, ९ फेब्रुवारी १९९२

प्रिय मनू,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं आणि उत्तर आज लिहायला बसलोय. पाच दिवस मी तुला उत्तर दिलं नाही असं आजवर कधी झालं नव्हतं. तुझी माय परवापासून म्हणायलीय, "लेकीचं पत्र आलं की जेवायच्या आधी कागद शोधनारा मानूस, ह्या बारीला काय झालं?" काय झालं ते सांगतो, पण मला माझ्या पद्धतीनं सांगू दे. इंजिन उघडताना मी एकदम आतल्या भागाला हात घालत नाही. आधी भोवतालचे बोल्ट सैल करतो, एकेक काढून वाटीत ठेवतो, मग आत काय बिघडलंय ते बघतो. ह्या पत्राचंही तसंच समज.

तुझं विचारणं सरळ आहे: तेवीस नंबर कोण? दिवाळीत तू आपल्या गावातल्या चाळीस निरोगी माणसांचं रक्त घेऊन गेलीस. त्यातल्या छत्तीस जणांच्या अंगात तो जुना विषाणू निघाला, लहानपणी कधीतरी शिरलेला आणि नंतर काही त्रास न देता मुक्काम ठोकून बसलेला. त्यांपैकी पस्तीस जणांचं तुम्हाला वाटलं होतं तसंच निघालं. त्या एका विषाणूवर पहारा ठेवणाऱ्या आठवणीच्या पेशींची अंगात गर्दी झालेली, आणि वय जास्त तशी गर्दी जास्त. एकटा तेवीस नंबर निराळा. विषाणू आहे, वय पन्नाशीचं, तरी गर्दी नाही. तू लिहितेस की तुझे सर तो आकडा बघून खुर्चीतून उठले, निबंधाचं नाव बदलायला लावलं, आणि येत्या चौदा मार्चला दिल्लीच्या परिषदेत तू अर्धा वेळ ह्या एकाच माणसावर बोलणार आहेस. त्याआधी त्याचं रक्त पुन्हा हवंय, आणि तो काय खातो, काय पितो, काय काम करतो तेही हवंय. नावांचं रजिस्टर माझ्याकडे कुलपात आहे, म्हणून विचारणा माझ्याकडे.

पत्र मी आधी मनात वाचलं, मग तुझ्या मायला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती माझी चूक झाली. तिनं भिंतीवरून धुरपताबाईला सांगितलं आणि दिवस मावळायच्या आत गावभर झालं की मिस्त्रीच्या पोरीला सेलूत एक असा माणूस सापडलाय ज्याचं रक्त पन्नाशीतही पंचविशीचं आहे. तुझ्या पत्रात असं कुठंच नव्हतं. पण बुधवारी दुकान उघडतो तर धुरपताबाईचा नवरा आश्रुबा पायरीवर हजर. डोक्याला नवा पटका. म्हणतो, "मिस्त्री, आता दडवू नगा. त्यो मीच हाय." मी विचारलं, "कुणी सांगितलं?" तर म्हणतो, "सांगाया कशाला पाहिजे? तीस साल झाली, रोज दोन कांदे अन् लसनाची चटनी खायलोय. रगत जवान ऱ्हाईल न्हाई तर काय?" मागून धुरपताबाई कडब्याचा भारा घेऊन चालली होती. ती भारा न उतरवता बोलली, "जवान रगत म्हनं! सकाळी उठवाया तांब्याभर पानी ओतावं लागतंय." 

तेव्हापासून दुकानासमोर दुसरा विषय नाही. एरवी तुला माहीत आहे, चौदा वर्षं झाली, त्या दोन बाकड्यांवर विद्यापीठाच्या नामांतराचे दोन पक्ष बसतात, तावातावानं भांडतात आणि चहा मात्र एकाच किटलीतला पितात. ह्या आठवड्यात दोन्ही बाकडी तेवीस नंबरवर बोलायलीत. एका बाकड्याचं म्हणणं, तो शेतात राबणारा असणार. दुसऱ्याचं म्हणणं, राबणाऱ्याचं रक्त लवकर आटतं, तो बसून खाणारा असणार. काशीनाथ गुरुजी काठी टेकत आले आणि म्हणाले, "आम्हाला तर तुमच्या लेकीनं नापास करून घरी धाडलं होतं. नाहीतर तो मान आमचाच होता." सगळे हसले, मीही हसलो. पण रजिस्टर मी मंगळवारीच उघडून बघितलं होतं, म्हणून माझं हसणं जरा आखूड पडलं. ते गुरुजींच्या ध्यानात आलं असावं, कारण जाताना माझ्याकडे वळून बघून गेले.

भाऊबीज झाली त्याच्या दुसऱ्या दिवशीचं तुला आठवतंय ना? तू आणि तुझी मैत्रीण रुख्मिणी, पांढरे कोट घालून दुकानाच्या ओट्यावर टेबल मांडून बसलात. सुईला घाबरून कोणी पुढे येईना. मग मीच बाही वर केली. तू कागद पुढे ओढून विचारलंस, "काही आजार?" आणि मी चौकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "ठणठणीत! एक काडीचा आजार नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझं रक्त नळीत उतरताना बघून बाकीच्यांची भीती गेली आणि रांग लागली.

आणि मग जो घोटाळा झाला तो आठवला की मला अजून हसू येतं. तू प्रत्येकाला तोच प्रश्न विचारायला लागलीस. अग, आपल्याकडे कोणता शहाणा माणूस चारचौघांत म्हणेल की मी बरा आहे? लगेच नजर लागते. कोणी विचारलं, "बरं हाय का?" तर म्हणायचं, "हाय आपलं, ढकलायलोय." बरं असणाऱ्यानं तर जास्तच कण्हायचं, हा इथला रिवाज. दोन्ही हातांनी बैल आवरणारी धुरपताबाई तुझ्यासमोर बसून म्हणाली, "काय सांगू माय, कंबरात जीव न्हाई, डोळ्याम्होरं अंधारी येतीय, आज हाय उद्या न्हाई." तू कागदावर 'अपात्र' लिहिलंस. आश्रुबानं दम्यापासून मूळव्याधीपर्यंत सगळं सांगितलं, वर एक असा आजार सांगितला जो फक्त म्हशींना होतो. तूही ते गंभीरपणे लिहून घेत होतीस. दुपारपर्यंत चौदा माणसं आली, चौदाच्या चौदा बाद. निरोगी म्हणून तुझ्या वहीत एकच नाव उरलं, ते माझं.

त्या दुपारी तू स्वयंपाकघरात मायजवळ बसून रडलीस. "आबा, पुण्याहून एवढी पेटी घेऊन आले आणि अख्ख्या गावात एक निरोगी माणूस नाही. सरांना काय सांगू?" मी बाहेर पायात वहाणा घालत होतो, पण मला ऐकू येतच होतं. माझ्या कानांबद्दल तू लहानपणापासून तक्रार करत आलीस, घरात काही कुजबुजता येत नाही म्हणून. पण ह्याच कानांनी आपलं घर उभं केलंय, हे विसरू नकोस. 

जिंतूरकडच्या आमच्या खेड्यातून मी सेलूला आलो तेव्हा माझं वय अठरा, शिक्षण चौथी, आणि जिनिंगमध्ये काम मिळालं ते यंत्रांना तेल घालायचं. तिथले मार्तंड मिस्त्री म्हणजे हातात जादू असलेला माणूस, पण वीस वर्षं त्या खडखडाटात राहून ठार बहिरे झालेले. ते कोणाला कळू देत नसत. एक दिवस मला जवळ ओढून त्यांनी पेचकसाचं टोक यंत्राला लावलं, मूठ माझ्या कानाला लावली आणि ओरडून म्हणाले, "काय ऐकू यायलंय, सांग." मी म्हणालो, "कोणीतरी दात खायलंय." माझे ओठ वाचून त्यांनी बेअरिंग बदललं. पुढे नऊ वर्षं मी त्यांचे कान झालो आणि ते माझे हात. कापसातून सरकी सुटताना उडणारी ती बारीक भुकटी नाकातोंडात घेत मी एवढं शिकलो की त्यानंतर शेतकऱ्याचं ऑइल इंजिन गल्लीच्या तोंडाशी बैलगाडीवर चालू करून आणलं तरी मी दुकानात बसून सांगायचो, कुठं काय ढिलं आहे.

तर त्या दुपारी मी म्हणालो, उद्यापासून माणसं निवडायचं काम माझं. तू फक्त सुई धर. तुझं टेबल मी दुकानावरच्या माडीवर नेलं. बावीस लोखंडी पायऱ्या. खाली मी रजिस्टर घेऊन बसलो. आजाराचं नावच काढलं नाही. विचारलं, "काल किती कापूस वेचलास?" धुरपताबाई बोलून गेली, "धा वाजल्यापासून एक वझं केलं, दुसरं करनार हुते, पर मापाड्यानं काटा बंद केला." कंबर नसलेल्या बाईचं हे काम! मग म्हणायचो, चढ वर. आणि कान देऊन बसायचो. बावीस पायऱ्या चढून गेल्यावर माणूस वरून काय बोलतो आणि दोन शब्दांच्या मधे किती हवा घेतो, तेवढं मला पुरायचं. तीन जणांच्या छातीत शिट्टी वाजली, त्यांना चहा पाजून परत पाठवलं. मी स्वतः दोन दिवस खालीच बसून राहिलो, एकदाही वर आलो नाही. तुला पाणी हवं होतं तेव्हा कळशी मायकडून पाठवली. हे तुझ्या ध्यानात आलं नाही. कामात होतीस.

दुसरा हुकूम मी काढला तो असा, की येताना घरातलं असेल नसेल ते औषध पिशवीत घालून आणायचं. काय काय निघालं त्या पिशव्यांतून! घुटीचं वेखंड, बामच्या रिकाम्या डब्या, बैलाच्या खांद्याला लावायचं तेल, कोणाच्या तरी लग्नातलं अत्तर. ज्याच्या पिशवीत दवाखान्याची चिठ्ठी नाही तो आपला माणूस. अशी आपण एकोणचाळीस माणसं गाळून काढली, एकेक माणूस पारखलेला. त्या एकोणचाळिसांची हमी मी आजही देतो, दिल्लीत कोणीही विचारलं तर माझं नाव सांग.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तू ओट्यावर बसून सगळ्यांना समजावून सांगितलंस, ते मला फार आवडलं होतं. गोवर येतो आणि जातो, पण अंग त्याला विसरत नाही, पुन्हा आला तर दारातच ओळखतं. तो ओळख ठेवणाऱ्या पेशींचा गुण. पण काही विषाणू येतात ते जातच नाहीत. माणूस धडधाकट असतो, शेतात जातो, लेकरं वाढवतो, आणि आत त्या एका पाव्हण्यावर जन्मभर पहारा चालू असतो. मग पहारेकरी किती त्याच्यामागे गुंतले आणि नव्या कामाला किती मोकळे उरले, ते तुला मोजायचंय. मी माझ्यापुरतं असं समजलो की हुरड्यात आलेल्या ज्वारीला चार कोपऱ्यांवर चार राखणदार हवेत, आणि इथं सगळे एकाच माळ्यावर गोफणी घेऊन बसलेत, कारण एक पाखरू तिथून उडतच नाही. आश्रुबा घाबरला. "म्हंजी माझ्या आंगात पाव्हना हाय, अन् मलाच म्हाईत न्हाई? खातो काय त्यो? जानार कवा?" तू सांगितलंस, जाणार नाही, पण त्रासही देणार नाही. त्यावर धुरपताबाई पदर तोंडाला लावून म्हणाली, "मंग त्येला पाव्हना कामून म्हंता? घरजावई म्हना. दुखवत न्हाई, जात न्हाई, अन् समद्या घराचं ध्यान त्येच्यावरच." आश्रुबा तीस वर्षांपासून सासऱ्याच्या घरात राहतो हे तुझ्या रुख्मिणीला माहीत नव्हतं, तिला कळेना लोक पोट धरून का हसायलेत. आश्रुबाही हसला. तुझं शास्त्र सेलूला धुरपताबाईनं एका वाक्यात समजावलं, तू दिल्लीत ते वापरलंस तरी ती हरकत घेणार नाही.

पण त्याच दिवशी सकाळी आणखी एक गोष्ट झाली होती. काशीनाथ गुरुजी पिशवी घेऊन आले. त्यात सांधेदुखीच्या बारीक पांढऱ्या गोळ्यांची पट्टी निघाली. तू पट्टी उजेडात धरलीस, नाव वाचलंस आणि जिन्यावरून मला हाक मारून म्हणालीस, "आबा, रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. ह्या गोळ्या घेणारं माणूस घ्यायचं नाही, कितीही धडधाकट दिसलं तरी. ह्या गोळ्यांनी सूज उतरते, दम मोकळा होतो, पण मी ज्या पेशी मोजायला आलेय त्यांनाच त्या गप्प बसवतात. असा एक जरी माणूस आत शिरला तर त्याचा आकडा खोटा येईल आणि मला कळणारही नाही." मी ते लिहिलं. पान आत्ता माझ्यासमोर आहे. बाकी सगळं अक्षर नीट आहे, एवढ्या तीन ओळी वाकड्या आल्यात. त्या वेळी मी उठून वर यायला हवं होतं. बावीसच पायऱ्या होत्या.

शेवटच्या संध्याकाळी रुख्मिणीनं सगळ्या नळ्यांवर नवे नंबर चिकटवले आणि कोणता नंबर कोणाचा ते रजिस्टरात लिहून माझ्या हातात दिलं. तू मुद्दाम बाहेर जाऊन उभी राहिलीस. म्हणालीस, "मोजताना हात कोणाकडे झुकायला नको. मी मागेपर्यंत मलाही दाखवू नका." केवढा अभिमान वाटला मला तुझा! ह्या बाजारपेठेत लोक कापसाला पाणी मारून काट्यावर चढवतात, आणि माझी पोरगी स्वतःच्या डोळ्यांवर स्वतः पट्टी बांधतेय. त्या अभिमानात मी रजिस्टर लोखंडी पेटीत ठेवलं, कुलूप लावलं आणि तुला गाडीवर बसवायला आलो. नळ्यांची पेटी उन्हातही नको आणि बर्फातही नको म्हणून तू ती मांडीवर घेऊन बसलीस, आणि मी खिडकीशी उभा राहून तुला काहीच सांगितलं नाही.

आता एक जुनी गोष्ट, आणि मग संपवतो. ८९ साली तुझ्या मायचं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा मी तुला तार केली होती. मला वाटलं, आठ दिवसांसाठी येशील. तू आठ महिने राहिलीस. सरांनी तुझी जागा दुसऱ्याला द्यायचं ठरवलं होतं, हे मला रुख्मिणीकडून दिवाळीत कळलं, तू कधी बोलली नाहीस. पुस्तकांची पेटी आणलीस ती दोरीसुद्धा न सोडता पडवीत पडून होती. माय हिंडूफिरू लागली तरी तू निघेनास. इथल्या शाळेत जागा निघतेय का ह्याची चौकशी करून आलीस, तीही मला दुसऱ्याकडून कळली. संध्याकाळी तू भाकरी थापायचीस आणि मनमाडकडे जाणारी गाडी शिट्टी द्यायची. त्या वेळी थापायचा आवाज थांबायचा. चार-पाच थापांएवढा वेळ, मग पुन्हा सुरू. रोज. तुझी माय म्हणायची, पोरगी किती समाधानानं राहिलीय बघा. मी ओसरीवर बसून ते थांबणं ऐकायचो. शेवटी मीच भांडण उकरून काढून तुला गाडीत बसवलं, आठवतं? म्हणालो, तुझ्या हातची भाकरी कच्ची राहते. तू रागानं गेलीस, त्या रागानं तुझं वर्ष वाचलं. भाकरी उत्तम होती, हे आज लेखी कबूल करतो.

मनू, तेवीस नंबर म्हणजे मी. गेल्या वर्षी जूनमध्ये पहाटे माझ्या छातीत शिट्टी वाजायला लागली. मांजर आहे म्हणून आठ दिवस मांजराला हाकललं, मग मला कळलं की हा आवाज माझाच. जिनिंगच्या त्या नऊ वर्षांची भुकटी, असं परभणीचे डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून मी गुरुजींच्या पट्टीतल्याच गोळ्या घेतोय. त्या डॉक्टरांची चिठ्ठी, तारखा आणि गोळ्यांचं प्रमाण सोबत जोडलंय. तुला कळलं असतं तर तू पुन्हा पेटी बांधून परत आली असतीस, म्हणून मी तुझ्या मायपासूनही दडवलं, आणि तुझ्यासमोर ठणठणीत म्हणून ओरडलो. पहिल्या दिवशी ते लोकांना धीर यावा म्हणून होतं. दुसऱ्या दिवशी तुझा नियम ऐकूनही गप्प बसलो, तो मात्र माझा गुन्हा. माझ्या पेशींत काही गुण नाही ग, त्या गोळ्यांनी गप्प बसल्यात, तू सांगितलं होतंस तसंच. माझं रक्त पुन्हा घेऊन उपयोग नाही, कारण डॉक्टर म्हणतात ह्या गोळ्या एकदम बंद करता येत नाहीत. निम्म्यावर आणल्यात, माझी तब्येत बरी आहे, आणि हे खरं सांगतोय. आज सकाळी तुझ्या मायला सगळं सांगितलं. तिनं आधी भांडी आपटली, मग म्हणाली, "मांजराची तरी माफी मागा." आत्ता ती माझ्यासाठी आल्याचं पाणी उकळवतेय. तू ह्या पत्राच्या पाठोपाठ येऊ नकोस. आलीस तर दुकानाला कुलूप लावून मी जिंतूरला निघून जाईन, शोधत बस. चौदा तारीख होऊ दे, मग मला तपासायला ये, रागवायला ये, कितीही दिवस ये. सरांना आजच जाऊन सांग, चूक माझ्या बापाची आहे म्हणून सांग. निबंधाला पहिलं नाव होतं तेच पुन्हा दे. तेवीस नंबरचा माणूस तुझ्यावर जीव टाकतो, पण तो निरोगी नाही. त्याला काढून टाक, आणि बाकीच्या एकोणचाळीस जणांना घेऊन दिल्लीला जा.

तुझाच, आणि ह्यापुढे तुझ्यापासून काही न दडवणारा,
आबा